कानाला लावून पारखलेली डिस्क

“चांगली कुठली, ते ओळखायचं कसं?” शिवकन्येनं विचारलं.

लातूरच्या जुन्या संगणकांच्या दुकानात दुकानदार मलप्पानं दोन वापरलेल्या हार्ड डिस्क संगणकाला जोडल्या. किती तास चालली, आतली किती जागा खराब झाली, ते पडद्यावर दिसतं म्हणाला. पण त्याचा खरा भरवसा कानावर होता.

“पडलेली डिस्क टिकटिक करती, ताई. आज चालंल, आठ दिसांनी सगळं घेऊन जाईल. ही दुसरी गुमान चालती, ही न्या.”

तिनं दोन्ही कानाला लावून पाहिल्या.

तिचा नवरा नरसिंग चाकूरला लग्नांचं शूटिंग करायचा. त्याची जुनी डिस्क मरायला टेकली होती. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, तो उन्हाळा. टँकर येणार म्हणून तो घरी थांबला आणि वापरलेली असली तरी पारखून आण, म्हणून तिला पाठवलं.

जुन्या डिस्कमध्ये काय आहे, हे शिवकन्येला पक्कं ठाऊक होतं. सिंधु. तिची मेलेली सवत. देव्हाऱ्यातला सिंधुचा चांदीचा टाक ती रीतीप्रमाणे रोज धुवायची, पाण्याचे हाल असतानाही. टाक निदान मुका होता. पण नरसिंग संध्याकाळी हेडफोन लावून संगणकापुढं बसायचा, डोळे पुसायचा आणि ही आली की पडदा बंद करायचा. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सवत मरूनही हसतेय, बोलतेय, आणि आपल्या बापाचा धड एक फोटो नाही! कॅमेरा दिसला की तिचा बाप दगडोबा तोंड फिरवायचा. दहाव्याला आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावावा लागला होता.

“टिकटिकणारी द्या,” ती मलप्पाला म्हणाली. “पोरांना गाणी भरायचीत नुसती.”

घरी नरसिंगनं विचारलं, “पारखली ना?”

“कानाला लावून पारखली.”

हेडफोन लावूनच त्यानं सगळं त्या डिस्कवर उतरवून घेतलं. दोन दिवसांत जुनी कायमची गप झाली. वेळेवर आणलीस, म्हणून त्यानं तिचं कौतुकही केलं. तिला लाज वाटली, पण जराशीच.

पुढच्या आठवड्यात दुसरीही गेली. नरसिंग कपाळाला हात लावून बसला. शिवकन्येनं चहा केला, साखर जरा सढळ हातानं घातली.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “सिंधुबाईचा टाक हाय की देव्हाऱ्यात.”

नरसिंगनं तिच्याकडं पाहिलं.

“सिंधुच्या वक्ताला कुठं होता माझ्याजवळ कॅमेरा? तुझा बाप होता त्यात. तुझ्याबद्दल बोलताना चोरून टिपला होता. वर्षसराद्धाला दाखवणार होतो तुला.”