उजव्या खिशाचं झाकण

रफूताईंनी फोन शिलाई मशीनवर असा आपटला की शेजारची टाचण्यांची डबी लवंडली.

"काय झालं?" नवऱ्याने बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं.

"एक गिऱ्हाईक. डोकं फिरवलंय मेलीनं."

"कशावरून?"

"एका स्कर्टवरून," रफूताई म्हणाल्या आणि टाचण्या वेचायला वाकल्या.

स्कर्टचा काही संबंध नव्हता. भांडण होतं लोकरी जाकिटावरून, करड्या कापडावर हिरव्या चौकटी असलेल्या. ते विकल्याचं नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. रफूताईंनी स्वतःच्या हातांनी त्याच्यासाठी शिवलेलं ते जाकीट मागच्या थंडीत त्याने सरळ कचऱ्यात टाकलं होतं. व्हॅनच्या दारात अडकून उजव्या खिशाचं झाकण फाटून गेलं, म्हणाला. आता ठेवून काय करायचं? त्या संतापाने दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. मग गुपचूप ते बाहेर काढलं, धुतलं आणि कॉलरच्या आतलं कापड काढून नवं झाकण शिवलं. चौकटीला चौकट अशी जुळवली की त्यांनाही नंतर शोधावं लागलं.

जुने कपडे नीट करून फोनवरून विकायचे, हा त्यांचा चार वर्षांचा धंदा. दोष लिहायचा नाही, हा नियम. सुरुवातीला लिहीत असत. 'बाहीला बारीक रफू आहे' असं लिहिलेला एक कोट सात महिने पडून राहिला. ते वाक्य पुसलं आणि दोन दिवसांत गेला. लोकांना खरं नकोच असेल, तर ते आपण फुकट का वाटायचं?

या बाईने तर घेण्याआधीच विचारलं होतं, "उजव्या खिशाचा जवळून फोटो पाठवाल? सगळं मूळचंच आहे ना?"

रफूताईंनी खिडकीचा पडदा ओढून अंधूक उजेडात फोटो काढला आणि लिहिलं, "एकदम मूळचं. दोषाला जागाच नाही."

जाकीट पोचलं आणि तीन दिवस नुसता भडिमार.

"झाकण नंतर लावलेलं आहे. शिवण उसवून पाहिली. दोरा नवा आहे."

"जाकीट परत पाठवा, पैसे परत घ्या," रफूताईंनी कळवलं.

"पैसे नकोत. जाकीटही परत देणार नाही."

"मग हवंय तरी काय?"

"मूळचं झाकण कुठे गेलं?"

याला काय म्हणावं? फसवलं म्हणून बोंब मारणारी, दमदाटी करणारी, घालून मिरवून मग परत पाठवणारी, सगळ्या तऱ्हा रफूताईंनी पचवल्या होत्या. पण ना पैसे, ना माल, नुसता छळ? आणि आता हा नवा मेसेज: "हे जाकीट तुमच्याकडे आलं कुठून? चोरीचं तर नाही?"

रफूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा बाहेर पडला, व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला, तशी त्यांनी फोन उचलला आणि घराचा पत्ता लिहून पाठवला. "हिंमत असेल तर समोर येऊन बोला."

उत्तर आलं: "येते."

दुपारी ती आली. पन्नाशीची, बारीक चणीची, जाड भिंगांचा चष्मा. जाकिटाची पिशवी छातीशी धरलेली. रफूताई 'बसा' म्हणाल्या नाहीत. ती आपणहूनच स्टुलावर टेकली.

"हं, बोला आता," रफूताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "कोण चोर?"

"मी फक्त विचारलं."

"असं विचारतात होय? धुतल्या-शिवल्या कपड्यांवर पोट आहे माझं. चोरीचं चिंधूकही या घरात येत नाही!"

"मग कोणाचं आहे?"

"माझ्या नवऱ्याचं! मीच शिवलेलं. गिरणीतल्या ताग्याचा शेवटचा तुकडा होता. जग पालथं घातलंत तरी अशी चौकट मिळायची नाही."

"नाहीच मिळाली," बाई हळूच म्हणाली. "नऊ महिने शोधतेय. रोज सगळे फोटो बघायचे. विकायला आलेले, लोकांनी टाकलेले." मग तिने विचारलं, "दुसऱ्या कोणी घातलं होतं का हे कधी? भाऊ, मित्र?"

"त्याची वस्तू तो कोणाला हात लावू देत नाही."

"झाकण फाटलं ते कधी?"

"काय लावलंय हो? हो, फाटलं होतं! मी नवं लावलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. झालं समाधान? सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फाटलं. व्हॅनच्या दारात. तारखेसह सांगू?"

"सांगा."

"वीस जानेवारी. सोमवार."

बाईने मान हलवली, जणू तिला ती तारीख पाठ होती. मग पर्समधून एक फोटो काढून मशीनवर ठेवला. मोजपट्टीशेजारी ठेवलेला कापडाचा तुकडा. करडा, हिरव्या चौकटींचा, कडेला रफूताईंचीच दुहेरी टीप.

रफूताईंनी फोटो झडप घालून उचलला. आता तर त्यांना भलताच चेव चढला. "हेच ते! हेच! म्हणजे तुमच्याकडेच होतं, आणि तीन दिवस माझा जीव खाताय? कुठे सापडलं? रस्त्यात?"

"आमच्या लेकीच्या मुठीत," बाई म्हणाली. "डॉक्टरांना तिची बोटं एकेक करून उघडावी लागली."