तिसऱ्यांदा, पहिल्यापासून

दाराची कडी वाजली तशी ती दचकली. इतका वेळ घर चिडीचूप होतं. आत लेक दुपारची झोपली होती, आणि टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपवर अक्षरांच्या ओळी मुकाट वर सरकत होत्या.

खाणीवरच्या मुकादमाची बायको आत आली. पडद्याकडे पाहून तिने विचारलं, “परत बिघडलं?”

“हो ना, वहिनी. सगळं पुसून पहिल्यापासून टाकतेय. आधी लिनक्स, मग डेटाबेस, मग यादीच्या वेबसाइटचा सांगाडा. वेळ लागतो.”

“परवाही लागला. कालही लागला.”

खाणीत पाणी शिरलं त्याला आज सतरा दिवस झाले होते. हजेरीची वही पाण्यातच गेली. आत नक्की कोण कोण होतं हे कचेरीलाही धड सांगता येईना. लेक होण्याआधी ती संगणकावर नोकरी करायची, म्हणून बायकांनी तिलाच गळ घातली. पोरीच्या झोपेतून तास चोरून तिने यादी उभी केली. नाव, वय, शेवटचा कुठे दिसला. बेचाळीस ओळी. एकोणिसावी तिच्या नवऱ्याची.

तीन दिवसांपूर्वी शोध थांबला. कचेरीतून निरोप आला: यादीत एक रकाना वाढवा, सगळ्यांपुढे ‘मृत’ भरून द्या, मग दाखले मिळतील. दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप बिघडायला लागला.

वहिनी खुर्ची ओढून शेजारी बसली.

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण आमच्या ह्यांची सायकलसुद्धा, मी बाजाराचं नाव काढलं की बरोबर पंक्चर व्हायची.” ती हसली, आणि हसू अर्ध्यातच विझलं. “एक्केचाळीस घरं खोळंबलीत गं. मूठभर माती द्यायला काही नाही, निदान कागद तरी हातात येऊ दे. सगळ्यांना तू एकटी धरून बसलीयेस.”

ओळी थांबल्या. मांडणी पुरी झाली होती. तिने पेनड्राइव्हमधली नावं आत घेतली आणि नवा रकाना जोडायला सांगितलं. मशीनने तोच प्रश्न विचारला: हा रकाना रिकामा चालणार नाही, आधीच्या ओळींमध्ये काय भरू?

बिघडलं कधीच काही नव्हतं. परवा आणि काल ती इथवरच आली होती, आणि दोन्ही वेळा तिने सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. ओळी सरकत असतात तोवर कोणी काही विचारत नाही.

“वहिनी, तुम्ही लिहा ना.”

“मी अंगठेबहाद्दर. आणि येत असतं तरी तुझ्या माणसापुढे मी नसतं लिहिलं.”

तिने दोन अक्षरं लिहिली. बोट बटणावर टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं आणि दाबलं.

एकोणिसावी ओळ काही वेगळी निघाली नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत बेचाळीसही भरल्या. मशीनने ‘ठीक’ म्हटलं. खात्री आहे ना, एवढंसुद्धा विचारलं नाही.

वहिनी तोंडावर हात दाबून उठली आणि दार न लावताच निघून गेली.

पाठीमागे पावलं वाजली. डोळे चोळत लेक आली, तिच्या मांडीवर चढली. आईच्या गालावरून तिने हात फिरवला, ओला झालेला तळवा बघितला, मग पडद्याकडे बघितलं. नुकतीच शाळेत जाऊ लागली होती ती.

“चुकलं का गं, आई?”

तिने पोरीला घट्ट धरलं.

“रडू नको. खोड आणि परत लिही.” लेकीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “खोडता येतं ना?”