पिवळ्या ठिपक्याची पट्टी

गॅरेजमध्ये स्पेअर पार्टच्या दुकानदाराने आपल्या गाडीचा फुटका बंपर बाजूला सारला आणि आतली पोलादी पट्टी चाचपली. पत्र्याच्या डब्यासारखी चेपली होती. टोकाला पिवळा ठिपका होता.

तो ठिपका त्याच्याच हातचा. स्वस्तातला नकली माल चांगल्यात मिसळू नये म्हणून दुकानात तो स्वतः त्यावर असे ठिपके द्यायचा.

काल बायको ही गाडी चालवत होती. खांबावर आदळली.

"मिस्त्री, माझ्या गाडीला ओरिजिनल पट्टी होती. ही कुठून आली?" आवाज चढला नाही. चढवायला अंगात काही उरलंच नव्हतं.

मिस्त्री हात पुसत राहिला. "वहिनी कशा आहेत?"

"डोळे उघडत नाही. चांगली पट्टी काढून विकलीस ना?"

"शेठ, जरा टेका."

तो टेकला.

दुकानात असली पट्टी हातात घेऊन गिऱ्हाईक विचारायचं, "टिकेल ना हो?" मग हा ठेवणीतलं वाक्य काढायचा. "बायकोच्या गळ्याची शपथ, आमच्या घरच्या गाडीला हीच आहे!" वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं, की तोंड उघडलं की आपोआप घरंगळायचं. एकदा डबा घेऊन आलेल्या बायकोने ते ऐकलं. "विका काय विकायचं ते," ती म्हणाली, "माझी शपथ तेवढी नका घेऊ." तो हसला होता. "अगं, धंद्यातली शपथ ती. तिला कुठे दात असतात!"

"टोपी घालायला मीच सापडलो तुला?" तो म्हणाला.

मिस्त्रीने कोपऱ्यातलं पोतं ओढलं. आतून जुनी पट्टी निघाली. जड, सरळ, ठिपका नसलेली.

"विकली नाही, शेठ. वहिनींनी काढायला लावली. ही त्यांनीच आणली, तुमच्या दुकानातून."

"काहीतरीच! तिला माहीत होतं ही कसली आहे ते."

"मीही नको म्हटलं. ऐकेनात." मिस्त्री खाली बघत म्हणाला, "म्हणाल्या, 'रोज माझी खोटी शपथ घेतात हो. एखाद्या दिवशी मला लागायची. ही बसवून टाका, म्हणजे शपथ खरी होईल आणि माझ्या जिवाला घोर राहणार नाही.'"