सगळ्यात पुढची बोट

“काका, ते बघा, आई पिल्लाला खेळवतेय!” बोटीतली बाई ओरडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हर्णैच्या समुद्रात पूर्वी मासेमारी करणारा यशवंत पावसे आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचा. मादी पिल्लाला तोंडाने वर ढकलत होती, घसरलं की पुन्हा उचलत होती. पिल्लाच्या पाठीवर खोल, तिरके घाव होते. बोटीच्या पंख्याशिवाय असे घाव होत नाहीत. काल हिच्याच कळपाला सात बोटींनी घेरलं होतं. सगळ्यात पुढे यशवंतची होती.

त्याने इंजिन बंद केलं.

“खेळवत नाहीये, ताई. पिल्लू मेलंय. तिला वाटतंय, वर धरलं तर श्वास घेईल.”

बाईने मांडीवरच्या मुलीला जवळ ओढलं. तिचा नवरा हळूच म्हणाला, “पोरीचा वाढदिवस आहे हो. दुसरे दाखवा ना, जिवंत.”

यशवंतने इंजिन सुरू केलं, तशी मादी पिल्लाला ढकलत लांब जायला लागली. बाकीचा कळप कुठे सापडेल, हे त्याला ठाऊक होतं. त्याने सुकाणू तिकडे वळवलं.