तुलनेची बाटली

"वस्तीच्या विहिरीचं पाणी मी चांगल्या पाण्याशी ताडून पाहिलंय," कारखान्याच्या बाजूने आलेल्या पाणीतज्ज्ञाने कोर्टात छातीठोकपणे सांगितलं. "दोन्हींत तिळमात्र फरक नाही."

मागच्या बाकांवर वस्तीची माणसं बसली होती. झाडून सगळ्यांची नखं निळी पडलेली.

वस्तीच्या वकीलबाईंनी एवढंच विचारलं, "हे चांगलं पाणी आणलंत कुठून?"

"माझ्या घरच्या नळाचं. नेहमी तेच नेतो. लेक बाटली भरून देते."

मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "बाळा, पोरीची नखं बघितलीस का रे?"

नखं रंगवून शाळेत जायचं नाही, असा त्याने सकाळीच लेकीला दम भरला होता.