टीगच्या दुकानात थांबावं लागत नाही

“आजच पाहिजे,” लॉनी म्हणाला. “ते कोपऱ्यातलं पिस्तूल दे. साधंसंच बरं.”

ऑर्व्हिल टीगने काउंटरमागून मान वर केली. लॉनी बर्डेट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. लॉनीची बायको जाऊन महिनाही झाला नव्हता. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी मुलीने त्याच्या घरातल्या सगळ्या बंदुका गाडीत टाकून आपल्याकडे नेल्या होत्या. का नेल्या, ते गावात कुणी कुणाला विचारलं नाही.

“कशाला रे पाहिजे?”

“कोल्हे येतात कोंबड्यांवर.”

“कोंबड्या तर विकल्यास ना तू?”

लॉनी काचेखालच्या पिस्तुलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “माझा कुत्रा ठेवून घेशील का, ऑर्व्ह? गुणी आहे. खाण्यापिण्याची कटकट नाही त्याची.”

ऑर्व्हिलने कॉम्प्युटरच्या चार कळा उगाचच बडवल्या आणि तोंड वाकडं केलं. “मशीन बंद पडलंय, लॉन. सरकारकडून तुझी चौकशी झाल्याशिवाय मला विकता येत नाही. शुक्रवारी ये.”

मशीन ठणठणीत होतं. ऑर्व्हिलने दुकानाला कुलूप घातलं, लॉनीला ओढतच गाडीत बसवलं, घरी नेऊन बायकोच्या हातचे बीन्स आणि मक्याचा पाव खायला घातला आणि परसात जाऊन हळू आवाजात लॉनीच्या मुलीला फोन केला. शुक्रवारी लॉनी दुकानात आला नाही. तो मुलीकडे राहायला गेला होता आणि तळ्यावर मासे धरत बसला होता.

पुढच्याच आठवड्यात ऑर्व्हिलला राजधानीचं बोलावणं आलं. बंदूक घेणाऱ्याने पैसे भरल्यावर तीन दिवस थांबावं, असा कायदा विधानसभेच्या समितीपुढे आला होता. तो हाणून पाडायचा, तर बंदूक हक्क संघाकडे ऑर्व्हिलसारखा दुसरा हिरा नव्हता. पांढऱ्या मिशा, आजोबांपासूनचं दुकान आणि गरुडाचं चित्र असलेली टोपी. संघाचे प्रेस्टन हूड स्वतः कधी बंदुकीला हात लावत नसत, त्यांना दचकायला होई. ते भाषणं लिहून देत.

ऑर्व्हिलने समितीपुढे माइक हातात घेतला तो सोडेचना. “शिडीवरून पडून दरवर्षी माणसं मरतात. मग शिडी घ्यायलाही तीन दिवस थांबायचं का? सज्जन माणसाला ताटकळत ठेवायचं आणि चोराला मोकळं सोडायचं, हा कुठला न्याय? स्वातंत्र्य रांगेत उभं राहत नाही!” टाळ्या पडल्या. हूड साहेबांचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते.

मग लोकांमधून कुणाला बोलायचं आहे का, असं अध्यक्षीणबाईंनी विचारलं. मागच्या रांगेतून लॉनी उठला. अंगात दफनाच्या दिवशी घातलेला कोट होता.

“मी लॉनी बर्डेट. आज मी इथे उभा आहे, कारण महिन्यापूर्वी ऑर्व्हचं मशीन बिघडलं होतं. एवढंच सांगायचं होतं.” आणि तो खाली बसला.

अध्यक्षीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मिस्टर टीग, तुमचं मशीन खरंच बिघडलं होतं का?”

ऑर्व्हिलने हूड साहेबांकडे पाहिलं. हूड साहेबांनी छताकडे पाहिलं.

“होय बाई, बिघडलं होतं,” ऑर्व्हिल म्हणाला. “पण आता काळजी नको. नवं बसवलंय, पुन्हा बिघडायचं नाही. माझ्या दुकानात तुमची कॉफी गार व्हायच्या आत बंदूक हातात देतो!”

सभागृह खो खो हसलं. संध्याकाळी समितीने कायदा फेटाळला. हूड साहेबांनी ऑर्व्हिलला मिठी मारली आणि तसाच धरून फोटो काढून घेतला.

बाहेर गाड्यांपाशी लॉनी उभा होता. चिडलेला दिसत नव्हता. “त्या दिवशी माझ्याशी खोटं बोललास ना, ते मला तेव्हाच कळलं होतं, ऑर्व्ह,” तो म्हणाला. “पण तेव्हा बरा दिसत होतास.” आणि मुलीच्या गाडीत बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतंय तोच एक तरुण बाई आत आली. बाहेर धुकं साचलेलं, आणि तिच्या अंगात नुसता पातळ सदरा होता. डोळे सुजलेले होते, पण आवाज अगदी शांत.

“नदीपलीकडून आलेय,” ती म्हणाली. “फोनवर तुमचं भाषण बघितलं. टीगच्या दुकानात थांबावं लागत नाही म्हणे.”

“कुठलं दाखवू?”

“कुठलंही चालेल. आणि गोळ्या सुट्या मिळतात का?”

ऑर्व्हिलचा हात किल्ल्यांवरच थबकला. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं. तो पडदा उजळून तयारच होता, आणि पुन्हा बिघडणार नाही असं तर त्याने अख्ख्या राज्याला सांगून ठेवलं होतं. ती बाई ओळखीसाठी गाडीचा परवाना काढून, हात काउंटरवर ठेवून, शहाण्या गिऱ्हाइकासारखी उभी होती.

ऑर्व्हिलने डोक्यावरची टोपी काढली.

“तू नुसतं भाषणच बघितलंस, पोरी,” तो म्हणाला. “पुढे आम्ही हरलो. कायदा झाला. आता तीन दिवस थांबावंच लागतं.”