लिहिणाऱ्याचा रकाना

तीन वाजायला पाच मिनिटं होती आणि तिचं घोडं एका रकान्यापाशी अडलं होतं.

हवामान केंद्राच्या चाळीस वर्षांच्या वह्या तिला संगणकात बसवायच्या होत्या. त्यासाठी आधी अ‍ॅरेतल्या, म्हणजे एकसारख्या नोंदींच्या रांगेतल्या, एका नोंदीचा साचा ठरवायचा: तारीख, वेळ, तापमान, वाचणारा, लिहिणारा. कुठे आकडा, कुठे नाव, कुणाला किती जागा. एकदा साचा ठरला की लाखभर नोंदी त्याच मापाच्या.

लिहिणाऱ्याचा रकाना गेली सहा वर्षं कोरा होता. कोऱ्या रकान्यालाही भरलेल्याइतकीच जागा लागते, आणि साहेबांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत साचा पाठवा, फुकटचं काही नको. तरी विचारलेलं बरं म्हणून तिने केंद्रावर फोन लावला. खरं सांगायचं तर हे निमित्त होतं. घरून काम करायचं, त्यात घरात एकटी. काल सकाळपासून तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

फोन निरीक्षकाने उचलला. आवाजावरून निवृत्तीला टेकलेला वाटला.

"काका, लिहिणाऱ्याचा रकाना काढून टाकू का? रिकामाच आहे."

"नको, राहू दे."

"पण तिथे आता कुणी नाही ना?"

"जागा रद्द केली हो, काम कुठे रद्द झालंय? मी बाहेर तापमापकाच्या पेटीपाशी उभा राहून आकडा ओरडायचो. जोडीदार खिडकीतून तोच आकडा परत म्हणायचा. बरोबर असला की मी म्हणायचो, 'लिहा'. मगच पेन टेकायचं. दोघांचं काम आहे ते. हल्ली एकटा करतो, एवढंच."

"मग हल्ली ओरडत नसाल."

"ओरडतो की!" तो हसला. "ऐकायला कावळे असतात."

तिलाही हसू आलं. एकटेपणा तिला नवा नव्हता. पण तो असा रोज वेळेवर, नियम पाळून कुणी निभावत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"थांबा हं, तीन वाजले," तो म्हणाला.

फोन त्याच्या हातातच राहिला असावा. दार करकरलं, वारा ऐकू आला, पेटीची कडी निघाली.

"एकोणतीस पॉइंट चार!"

मग तो गप्प झाला. परत म्हणायला जेवढा वेळ लागतो, नेमका तेवढा वेळ तो थांबत असणार, सहा वर्षं.

ती खुर्चीतून उठली. आपला आवाज कितपत निघेल, याचा तिला भरवसा नव्हता.

"एकोणतीस पॉइंट चार!" ती ओरडली.

पलीकडे नुसता वारा होता.

"लिहा," निरीक्षक म्हणाला.